आर्डिसबाईंचं ‘नको’

आर्डिस रुडनिंगनने माझ्या संख्याशास्त्राच्या तासाला पहिल्याच दिवशी हात वर केला. “प्रोफेसर, फळ्यावर जरा मोठं लिहा. ही पोरं बोलायची नाहीत, पण त्यांनाही दिसत नाहीये.” मागे हशा पिकला. बाई साठीला टेकलेल्या. नवरा गेलेला, गाई विकलेल्या, शेत मुलीच्या हवाली केलेलं, आणि आता आमच्या नॉरडाल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला आलेल्या. विद्यापीठ म्हणायचं आपलं. सगळी मुलं एका जेवणघरात मावतात. पण ल्यूथरपंथी ख्रिस्ती लोकांचे नियम पक्के. धर्मशास्त्र घेतलं तरी गणितातून सुटका नाही. म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटाची ही गवळण माझ्यासारख्या सोलापूरच्या बाईच्या तावडीत सापडली. आमचं जमलं. दोघीही तोंडाने फटकळ.

कोल्टन नावाचा फुटबॉल खेळणारा धटिंगण हा तिचा अभ्यासाचा जोडीदार. जेवणघरात दोघं समोरासमोर बसून बायबलसाठी लागणारं ग्रीक घोकत.

“आर्डिस, क्रियापदं तू पाठ कर, मी तुझी पुस्तकांची पिशवी उचलतो.”

“पिशवी मी उचलते, क्रियापदं तू पाठ कर. मी वासरं उचलली आहेत रे, तू काय उचललंयस?”

ती इथे दुसऱ्यांदा शिकत होती. पहिल्यांदा आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि लग्नाआधी दिवस गेले. तेव्हाच्या मुलींच्या डीनबाईंनी तिला बोलावून कॉफी पाजली आणि म्हणाल्या, “घरी तुला जास्त बरं वाटेल, नाही का?” ‘जा’ असं कुणीच म्हणालं नाही. वसतिगृहातल्या मुलींनी गोधडी शिवून दिली, रेक्टरबाईंनी केक केला, कुणीतरी गाडीने बसथांब्यापर्यंत सोडलं. “सुमेधा, इतक्या प्रेमाने हाकललं मला, की रागवायचीही सोय ठेवली नाही,” असं तिने मला एकदा सांगितलं होतं. ऐकताना माझंच डोकं फिरलं होतं.

तिच्या शेवटच्या वर्षी आमच्या विश्वस्तांनी धर्मशास्त्राचा विभागच बंद करायचं ठरवलं. मुलं येत नाहीत म्हणे. ल्यूथरच्या नावावर जेवायचं आणि त्याचंच पुस्तक मिटवायचं! मी सभेत बोलले, चार जणांनी मान हलवली, कॉफी प्यायली आणि सगळे आपापल्या घरी गेले.

विभागाची शेवटची परीक्षा तोंडी असते, तीन परीक्षकांपुढे, आणि ज्याला ऐकायचं त्याला दार उघडं. बाकीच्यांची उरकली. आर्डिसचा खुबा नेमका तेव्हाच मोडला. ती काठी टेकत परत आली तोवर तिघांतला एक परीक्षक दुसरीकडे नोकरीवर रुजूही झाला होता. डीन कॉर्विन स्टाडेमने तिला भेटायला बोलावलं. तिला गाडीने मीच नेलं, म्हणून मी तिथे होते.

“आर्डिस, तुम्ही किती सोसलंत,” कॉर्विन म्हणाला. “आता परीक्षेचा ताप कशाला? आम्ही तुम्हाला सन्मानाची पदवी देतो. फुलं, केक, सगळं.”

“नको,” आर्डिस म्हणाली.

आता इथली रीत अशी, की पहिलं ‘नको’ कुणी धरत नाही. कॉफी विचारली की आधी नको म्हणायचं, मग उगाच कशाला त्रास म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा अर्धा कप घ्यायचा. कॉर्विन याच मातीतला. तो हसला, तिचा हात थोपटला आणि केकची ऑर्डर देऊन मोकळा झाला.

सकाळी दहाला आमच्याकडे सगळे वर्ग बंद ठेवून प्रार्थना असते. त्या आठवड्यात कॉर्विनने तिथेच तिच्या सन्मानाची घोषणा केली. टाळ्या सुरू झाल्या आणि आर्डिस काठीवर उभी राहिली. तिथे प्रार्थनेत मध्येच कुणी बोललेलं मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

“कॉर्विन, तुला मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय, म्हणून सांगते. मी म्हटलं ते कॉफीचं ‘नको’ नव्हतं. मला परीक्षा हवी.”

कॉर्विनचे कान लाल झाले. “पण नापास झालात तर? पुढच्या वर्षी विभागच नाही. पुन्हा बसता येणार नाही.”

“तर नापास. पण तोंडावर सांगा.”

“तिसरा परीक्षक कुठून आणू मी?”

नियमात दुसऱ्या विभागाचा माणूस चालतो. मी उठले आणि म्हटलं, “मी बसते.” त्या दिवशी माझ्याशी जेवणघरात कुणी फारसं बोललं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

परीक्षेला खोली भरली. नेहमीप्रमाणे पुढच्या रांगा मोकळ्या ठेवून सगळे मागे दाटीवाटीने बसले. लीलंड ऑसगार्ड, विभागाचे म्हातारे प्रमुख, गोड माणूस. त्यांनी गोडच सुरुवात केली. “आर्डिस, इथल्या शिक्षणात तुला सगळ्यात काय आवडलं?”

“लीलंड, कोल्टनला हेच विचारलं होतंस का?”

“मला घाम फोडला होता!” मागून कोल्टन ओरडला.

लीलंडनी चष्मा काढून पुसला आणि मग खरं विचारायला लागले. तिने पहिल्या प्रश्नाचं सोनं केलं. दुसरा प्रश्न तरुण प्राध्यापिका वोल्त्सचा: शेतकऱ्यांच्या बंडाबद्दल ल्यूथरने काय लिहिलं? त्याने बंडखोरांना ठेचून काढा म्हणून लिहिलं होतं, आणि आर्डिस स्वतः शेतकरीण; ती आधी अडखळली, मग तापली, आणि बराच वेळ बोलली. वोल्त्सने कागदावर काहीतरी खरडलं.

मग माझी पाळी. “मी तुमच्या पंथाची नाही,” मी म्हटलं. “पण तीस वर्षं ऐकतेय, की देवाची कृपा फुकट असते, कमवावी लागत नाही, नुसता हात पुढे करायचा. विद्यापीठाने तुला फुकट पदवी दिली, ती तू झिडकारलीस. हे कसं बसतं?”

कॉर्विन दारात उभा होता. आर्डिसने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, ही आता माझ्याशी कायमचा अबोला धरणार.

“देव देतो ते माणसाला आत घ्यायला,” ती सावकाश म्हणाली. “तुम्ही लोक देता ते बाहेर काढायला. मला गोधडी दिली होती इथे, केकही दिला होता. मी थँक्यू म्हणून बसमध्ये बसले. त्याला कृपा म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा, मी नाही म्हणणार.”

लीलंड म्हणाले, “आर्डिस, आता रिवाजाप्रमाणे तू जरा बाहेर थांब. आम्ही तिघं ठरवतो.”

“नाही,” आर्डिस म्हणाली. काठी तिने टेबलावर आडवी ठेवली. “मी बाहेर जाणार नाही. काय ठरवायचं ते माझ्यासमोर ठरवा.”

कॉर्विनने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मिटलं. मी म्हटलं, “उत्तीर्ण.” वोल्त्स म्हणाली, “उत्तीर्ण. पण ल्यूथरने काय लिहिलं ते मी विचारलं होतं, त्याने काय लिहायला हवं होतं ते नाही. मी गुण कापलेत.” लीलंडनी होकारार्थी मान डोलावली.

मागे पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली होती. आर्डिसचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने खुर्ची वोल्त्सच्या आणखी जवळ ओढली.

“कापलेत ना? आता कुठे चुकलं ते सांगा.”