वाडीत तुकड्या दोन, मृदंग एक

रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो आणि उरलेल्या वेळात पीएचडी करतो. बायको हे उलटं सांगते. माझा विषय एवढाच, की एका यंत्रात अनेक प्रोसेसर असतील तर कामं कशी वाटावीत, म्हणजे एकाच्या डोक्यावर ढीग आणि दुसरा माशा मारत बसलाय असं होणार नाही. हे खूळ डोक्यात शिरलं की माणूस पंगतीतल्या वाढप्यांचंही नियोजन करायला लागतो. मी गणपतीच्या आरत्यांचं केलं.

पावसजवळच्या आमच्या वाडीत गणपतीत संध्याकाळी सगळे मिळून घरोघर आरती करत जातात. सुरुवात देवळाकडून, शेवट खाडीकडच्या टोकाला, काकूकडे. काकू एकटी. मुलगे मुंबईत, त्यांना हल्ली गणपतीतही सुट्टी मिळत नाही. ती टोपभर काळ्या वाटाण्यांची उसळ करून वाट बघायची आणि आम्ही पोचायचो ते घरोघरी खाऊन तुडुंब झालेले. "नको काकू, जागाच नाही." मग तिचं ते "असूंदे, असूंदे" ऐकून मला आमचाच राग यायचा.

म्हणून यंदा मी वाडीच्या बैठकीत माझं संशोधन मांडलं. दोन तुकड्या करायच्या. एक देवळाकडून निघेल, दुसरी काकूकडून. मध्ये भेटायचं, वेळ निम्मा. पेटी वाजवणारे बुवा म्हणाले, "तुज्या कॉम्प्युटरचे पाय दुकत नायत, आमचे दुकतात. करूया."

घरं, माणसं, टाळ, आवाज, सगळं मी समसमान वाटलं. मृदंग पहिल्या तुकडीला, पेटी दुसरीला. वाडीत दोन्ही एकेकच आहेत.

आमची दुसरी तुकडी काकूकडे पोचली. बुवांनी पेटी उघडली आणि थांबले.

"मृदंग कुठं हाय?"

"तो देवळाकडे, त्या तुकडीत."

"मग मी नुसत्या पेटीवर आरती म्हनू?" बुवा भिंतीला टेकून बसले.

देवळाकडे फोन लावला. तिकडे मृदंगवाले हाताची घडी घालून बसले होते. पेटी आल्याशिवाय ते हात लावणार नव्हते आणि मृदंग आल्याशिवाय बुवा. याला डेडलॉक म्हणतात. तो कसा टाळावा, हे मी दरवर्षी वर्गात घसा कोरडा करून शिकवतो. कुणी कुणाकडे जायचं यावर फोनवर जे बोललं गेलं, ते सणासुदीला लिहिण्यासारखं नाही.

तोवर आमची तुकडी पडवीत रिकामी, आणि पोटंही रिकामीच. काकूने चहा दिला, मग उसळ दिली, मग पुन्हा उसळ दिली. रिकामा बसलेला प्रोसेसर माझ्या प्रबंधात महापाप आहे. इथे तो पावाने ताटली पुसून आणखी वाढून घेत होता.

शेवटी पहिली तुकडी मृदंग उचलून, मला शिव्या घालत, अख्खी वाडी तुडवून आली. तीही उपाशी होती. दणक्यात आरती झाली, त्यांनीही उसळ हाणली आणि आम्ही सगळे एकत्रच उलटे देवळाकडे निघालो. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागणार होता, आणि ते मला प्रत्येकजण सांगत होता.

मी चपला घालत असताना काकू पदराला हात पुसत बाहेर आली.

"तुजा तो प्रोग्राम पुडल्या वर्साला पन लाव हां."

"अगं काकू, तो फसला."

"फसूंदे. पोरगे येत नायत तवापासून आज पैल्यांदा रिकामा टोप घासला मी."