मासा लागेपर्यंत

आमच्या मामांनी आयुष्यात मासा खाल्ला नाही. खाणं राहू द्या, आठवडी बाजारात मासळीच्या रांगेजवळून जायची वेळ आली, तर गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत नीट सारून, उपरणं नाकाला लावून ते पलीकडच्या गल्लीनं वळसा घालत. आणि हाच माणूस महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, रविवारी दुकानाला कुलूप लावून, कपाळावरची विभूती न पुसता, सगळं घर होडीत बसवून मांजरा धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायला नेत असे. यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. आम्हाला वाटायचं, पण ते बोलायची सोय नव्हती, कारण तोवर आम्ही होडीत बसलेले असायचो.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. घाटनांदूरला त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान. मुलगी एकुलती एक, सुरेखा, ती माझ्या पदरात पडली. की मी तिच्या, यावर घरात दुमत आहे. पुण्यातली माझी नोकरी गेली तेव्हा आम्ही दोघं ‘चार दिवस’ म्हणून घाटनांदूरला आलो. ते चार दिवस काही संपेचनात. गावात मला लोक आधी ‘पाव्हणे’ म्हणत, मग ‘जावई’, मग ‘दुकानातले’. एकदा तर एका गिऱ्हाइकानं मला, "ए पोऱ्या, तूरडाळ दाखव बे," म्हणून हाक मारली आणि मी मुकाट्यानं डाळ दाखवली. त्या दिवशी मला कळलं, की आपण पुरते अडकलो.

मासे धरायची मामांची रीत अशी. पतंगाच्या फिरकीला नायलॉनचा दोरा, तंगूस, गुंडाळलेला. टोकाला स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा: दांडी कापलेली, दोन्ही कडांना भोकं पाडलेली, एका भोकात तंगूस, दुसऱ्यात गळ. होडी हळू वल्हवत राहायची आणि चमचा मागून पाण्यात लकलकत यायचा. मोठ्या मरळीला तो लहान मासा वाटतो. मामींना मात्र तो चमचाच वाटायचा.

"सुरेखाच्या बारशात आलते हे चमचे," त्या म्हणायच्या. "आता खीर वाढायला घरात चमचा न्हाई. पाण्यात खीर वाढतात हे."

"आणून देतो की परत. धुऊन ठेव."

"माशानं तोंड लावलेला चमचा? माझ्या फडताळात?"

"त्यानं सोडला तवाच आला ना परत? मग उष्टा कावून म्हणायचा?"

होडी गफूरभाईची. तो धरणावर मासेमारी करणारा, मामांचं जुनं गिऱ्हाईक. पण तो स्वतः कधी होडीत येत नसे. "शेटजी, तुमचं धरायचं आन् सोडायचं मला बघवत न्हाई," म्हणून तो काठावर जाळं विणत बसायचा. मग वल्हवणार कोण? पहिल्या खेपेला अधिक महिना होता. अधिकात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालतात, चांदीचं काहीतरी हातावर ठेवतात. माझ्या हातात मामांनी वल्ही ठेवली. मामी कळवळल्या, "अहो, धोंड्याचा जावई वल्हं मारतोय, लोक काय म्हणतील?"

"मग काय सासऱ्यानं मारावं?" मामा म्हणाले, आणि तंगूस सोडायला लागले.

मला पोहता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून माझ्या कमरेला ट्रकची ट्यूब बांधली जायची. मी तिच्यात वल्हवताना कसा दिसायचो याचा फोटो सुरेखानं काढून ठेवला आहे आणि भांडणात ती तो वापरते.

पण मासे हे निमित्त. ती होडी म्हणजे मामांची कचेरी होती. घरात काही तंटा उठला की ते म्हणत, "रविवारी पाण्यावर बघू." मोबाइल काठावरच्या जीपमध्ये ठेवायचे. होडी मधोमध आली की मामा विषय काढायचे. नियम दोन. एक, मोठ्यानं बोलायचं नाही, मासा पळतो. दुसरा, मासा लागेपर्यंत कुणी काठाचं नाव काढायचं नाही. आणि मासा लागला की बोलणं तिथं संपलं, जे ठरलं असेल ते ठरलं. "घरात माणूस रागानं उठून जातंय," ते म्हणायचे. "हितं कुठं जाईल? होडीला दार नसतंय, जावईबापू."

त्यांचे दोन चुलतभाऊ एका भिंतीवरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते. मामांनी दोघांना एकाच फळीवर बसवलं. मी वल्ह्यावर. भर बाजारात एकमेकांची आई-बहीण काढणारी ती माणसं होडीत अक्षरशः कुजबुजत भांडली. "तू लई हरामखोर हाईस," एक कानात सांगायचा. "तुझ्यापरीस कमीच," दुसरा तितक्याच हळू. शिवी कुजबुजत दिली की तिच्यातली हवाच जाते. थोड्या वेळानं धाकट्याला हसू फुटलं, थोरला त्याला "गप, मासा पळंल" म्हणाला, आणि भिंतीचं मिटलं. मग मरळ लागली. मामांनी ती ओल्या फडक्यात धरली, गळ अलगद सोडवला, आणि पाण्यात सोडून तिला म्हणाले, "जा बाई, झालं तुझं काम."

काठावर गफूरभाईनं कपाळावर हात मारून घेतला. "शेटजी, हातभर मरळ! माझ्या टोपलीत टाकायची व्हती."

"ती साक्षीला आलती गफूर. भाजीला न्हाई."

मामा जाऊन आता वर्ष होऊन गेलं. घाटनांदूरला गेलो की लोक अशा गोष्टी सांगतात आणि हसतात. मीही सांगतो. पण एका रविवारची गोष्ट मी तिथं कुणाला सांगत नाही, कारण तिच्यात मी जरा जास्तच हुशार ठरलो होतो.

सुरेखाला संभाजीनगरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्नाआधी तिनं त्याचंच शिक्षण घेतलेलं, आणि इतकी वर्षं ती मामांच्या दुकानात चिवड्याच्या पुड्या बांधत होती. पत्र आलं त्या दिवशी ती माळवदावर जाऊन एकटीच नाचली, हे मी जिन्यातून पाहिलं. पुढच्याच आठवड्यात रुजू व्हायचं होतं. फक्त मामांना सांगायचं राहिलं होतं.

"तुमी सांगा," ती म्हणाली.

"मी? बाप तुझा आहे."

"म्हणून तर. मी सांगितलं तर अप्पांच्या डोळ्यात पाणी येतंय. आन् ते आलं की मी ऱ्हाते. मला ऱ्हायचं न्हाई."

आता, मी याआधी एकदा प्रयत्न करून पाहिला होता. असाच एक रविवार, होडी मधोमध, मी धीर करून म्हणालो, "मामा, आमच्या दोघांच्या मनात असं आहे, की आता..." आणि तंगूस ताणला गेला! मासा लागला, बोलणं संपलं. ‘आता’च्या पुढे काय, हे मामांनी विचारलंही नाही. त्या मरळीला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या कुजबुजूनसुद्धा लिहिण्यासारख्या नाहीत.

म्हणून या वेळी मी बंदोबस्त करायचं ठरवलं. मामा गफूरभाईशी चहा पीत उभे होते, तेवढ्यात मी चमच्याचा गळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. गळच नाही तर मासा लागणार कसा? बोलणं पुरं होईपर्यंत कुणी मध्ये येणार नाही. स्वतःच्या बुद्धीवर मी इतका खूश होतो, की मामांनी चमचा पाण्यात सोडला तेव्हा मला हसू आवरेना.

होडी मधोमध आली. मामा मागच्या टोकाला, हातात तंगूस. त्यांच्याकडे तोंड करून वल्ह्यावर मी. माझ्या पाठीमागे पुढच्या फळीवर मामी आणि सुरेखा. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "मामा, सुरेखाला नोकरी लागली. संभाजीनगरला. आम्ही जातोय."

"हळू," मामा म्हणाले.

त्यांनी तंगूस आणखी थोडा सोडला. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "सुरे, खरं हाय का?"

"हाय, अप्पा."

"खोली बघितली?"

"बघितली."

"पाणी येतंय का तिथं?"

"येतंय. चार-पाच दिवसांनी."

"धरणाच्या पाण्यावर वाढलेली पोरगी तू," एवढंच ते म्हणाले. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. तंगुसाला बोट लावून बसून राहिले. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मासा लागेपर्यंत परत जायचं नाही. आणि मासा लागणार नाही. कधीच लागणार नाही.

ऊन चढलं. मामींनी धपाटे वाटले, शेंगदाण्याची चटणी वाटली, दही संपलं. मी वल्हवत होतो. पाणी इतकं शांत, की आम्ही हलतोय की नाही कळेना. काठ दिसत होता, जीप दिसत होती, गफूरभाई बाभळीखाली आडवा झालेला दिसत होता, आणि तिथवर जायचा रस्ता मीच खिशात घालून बसलो होतो. त्यात खिशातला गळ प्रत्येक वल्ह्याला छातीत टोचायचा. त्या दिवशी अख्ख्या फुगवट्यावर गळाला लागलेला एकच प्राणी होता, आणि तो ट्यूब घालून वल्हवत होता.

"आज काय झालंय माशांना?" मामी म्हणाल्या.

"येईल," मामा म्हणाले.

ऊन कलतं झालं तेव्हा त्यांनी तंगूस ओढायला घेतला. "शेवाळ अडकलं असंल," म्हणाले. मी वल्ही थांबवली. आता बुडी मारावी असं वाटलं, पण ट्यूब होती. चमचा पाण्यातून लकलकत वर आला. मामांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, आणि रिकाम्या भोकावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खिशाकडे, जिथं गळाचं टोक कापडातून बाहेर आलं होतं. मागे बसलेल्या दोघींना यातलं काही दिसत नव्हतं. मी तोंड उघडलं.

मामांनी चमचा पुन्हा पाण्यात सोडला.

हातानं मोजून द्यावा तसा सावकाश, सगळा तंगूस सोडला. "कावून थांबलात? वल्हवा."

"मामा, तो..."

"हळू बोला, जावईबापू. मासा पळतो."

मी वल्हवायला लागलो. दुसरं काय करणार? आणि मामा बोलायला लागले. माझ्याशी नाही, सुरेखाशी. रक्त काढताना माणसाला दुखतं का? बाटलीवर नाव कोण लिहितं? दुसऱ्याची बाटली बदलली तर? दुपारी जेवायला सोडतात का? ती एकेकाचं उत्तर देत होती, आणि ते पुढचं विचारत होते. इतकी वर्षं एका दुकानात बसून बापलेकीचं सगळं बोलणं साखर आणि शाबुदाण्याचं. आज ती सूक्ष्मदर्शकात काय दिसतं ते सांगत होती आणि मामा, "मग? मग?" करत होते. प्रश्न संपत आले की जरा थांबायचे, आणखी एखादा शोधून काढायचे. एकदा तर त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. सुरेखानं तितक्याच नेटानं पुन्हा सांगितलं.

माझे हात भरून आले होते. पण काठाकडे होडी वळवावी असं मला एकदाही वाटलं नाही.

शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, पुरे आता. पोरीचं सामान बांधायचंय."

मामांचा चेहरा मला समोर दिसत होता. सुरेखाला मध्ये माझी पाठ असल्यानं दिसत नव्हता, ते बरं झालं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, पाणी उडाल्यासारखं. मग तंगूस फिरकीला गुंडाळायला लागले.

"लागला," ते म्हणाले.

"कुठंय?" मामींनी मान उंच केली.

"लागलता. सुटला." चमचा त्यांनी मुठीत घेतला. "चला काठाला. ठरलं."

काठाला आलो तेव्हा गफूरभाई पाण्यात उतरून पुढं आला. मामी उतरल्या, सुरेखा उतरली, मी ट्यूबीसकट कसाबसा उतरलो आणि दोर खुंटाला बांधला. मामा बसूनच होते, पाठ आमच्याकडे.

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "मी येतो."

सुरेखा जीपच्या वाटेनं थोडी चढली आणि थांबली. मग चपला हातात घेऊन परत खाली आली, घोट्याएवढ्या पाण्यातून गेली आणि होडीत चढून त्यांच्या शेजारी बसली.

"आता काय राह्यलं?" गफूरभाईनं मला विचारलं. त्याला होडी ओढून घ्यायची होती.

"काही नाही," मी म्हणालो. "चहा पाज."

मामी आणि मी जीपजवळ जाऊन डबे आवरायला घेतले. डबे दोनच होते. आम्ही ते खूप सावकाश आवरले.