बगळ्याची बाजू

घोटावडे फाट्यापासून उरवड्यापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे जगाचा जेवढा भाग मला नीट ठाऊक आहे तेवढ्यात, आमच्या कंपनीच्या बसमधल्या माझ्या शेजाऱ्याइतका दुसऱ्या नंबरावर राहिलेल्यांचा कैवारी आजवर झालेला नाही. आणि ह्या माणसाला मी फसवलं आहे. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही आणि जिच्या निमित्ताने ते घडलं त्या माझ्या बहिणीलाही नाही. फसवणूक एका कार्टूनवरून झाली, हे वाचून कुणी हसेल. हसावं. मीसुद्धा बरीच वर्षं त्यावर हसून वेळ मारून नेली.

शेजारी म्हणजे घराशेजारचा नव्हे, सीटवरचा. आम्ही दोघं रबराच्या रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात होतो. मी स्टोअरमध्ये, तो तपासणीला. बस पौडाकडून यायची. तो फाट्यावर चढायचा आणि शेजारच्या जागेवर आपला जेवणाचा डबा ठेवायचा, पिरंगुटात मी चढलो की तो उचलायचा. मधल्या काळात त्या जागेवर कुणी बसू लागलं तर तो सांगायचा, "पाव्हणं येनार हायेत." मी नगर जिल्ह्यातून येऊन पिरंगुटात खोली केलेली, म्हणून पाव्हणा. पुढे मी तिथेच घर बांधलं, रेशनकार्ड काढलं, तरी त्याच्या लेखी पाव्हणाच राहिलो. मी त्याला दादा म्हणत असे, आणि तो दादा म्हणावा असाच होता. उंच, वाकलेला, आणि समोरच्याचं म्हणणं ऐकताना डोकं एका बाजूला कलतं ठेवणारा.

जगात जे काही नंतर आलं आणि आधीच्याशी तुलना होऊन ज्याला नावं ठेवली गेली, त्या सगळ्याचं वकीलपत्र त्याने घेतलेलं होतं. कॅन्टीनमध्ये चहाचा पहिला घाणा संपून त्याच पावडरीवर पाणी ओतलेला दुसरा यायचा, तेव्हा सगळे तोंड वाकडं करायचे. हा मात्र कप नाकाशी धरून म्हणायचा की पहिल्यात नुसती साखर बोलते, ह्यात चहा बोलतो. त्यांच्या गावातल्या देवळाची जुनी घंटा तडकली आणि नवी बसवली. गाव म्हणालं, जुनीचा नाद वेगळाच होता. तर हा रोज सकाळी बसला येण्याआधी देवळात जाऊन नवी घंटा पाच-पाच वेळा वाजवायचा. भक्तीसाठी नव्हे, गावाच्या कानाला तिची सवय व्हावी म्हणून. कारखान्यात तर त्याच्या टेबलावर नापास रिंगांचा ढीग सगळ्यांत लहान असायचा. वेडीवाकडी रिंग आली की तो तिला बोटावर फिरवायचा, उजेडाकडे धरायचा, पुन्हा फिरवायचा. सुपरवायझर ओरडला, तर थंडपणे सांगायचा, "सायेब, टाकून द्यायला काय लागतंय? जरा बगू तरी द्या."

ह्याचं मूळ कशात होतं ते मला फार उशिरा कळलं. त्याचा थोरला भाऊ पंचक्रोशीतला नावाजलेला पैलवान. जत्रेत मानाची कुस्ती त्याची. हा धाकटाही लंगोट लावून उतरला होता दोन-तीन वर्षं, आणि प्रत्येक वेळी पाठीला माती लावून परतला. पुढे कुठेही, लग्नात नाहीतर चावडीवर, ह्याची ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हा धाकटा. पन थोरल्याची सर न्हाई." तो हसून मान डोलवायचा. भावावर त्याचा जीव होता.

तर ते कार्टून. आम्ही शाळकरी होतो तेव्हा टीव्हीवर हिंदीत 'गगनसवार' लागायचं, परदेशी होतं. एक तरुण वीर, त्याचा डोंगराएवढा गरुड, आणि त्यांची काळ्या ढगांच्या राजाशी लढाई. शेवटच्या भागात दोघं ढगात शिरतात आणि संपतं. आमच्या वयाची अख्खी पोरं त्या ढगात शिरून आजपर्यंत बाहेर आलेली नाहीत. मग एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सुमारास, आम्ही नोकरीला लागलेले घोडे झालो असताना, दर रविवारी सकाळी दहाला 'नया गगनसवार' सुरू झालं. बसमध्ये आनंदीआनंद. पहिल्या भागाने त्यावर पाणी ओतलं. वीर आता पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, वाऱ्याची दिशा सांगणाऱ्या एका मनोऱ्यावर राखणदार. गरुडाचा पत्ता नाही, त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. आणि त्याच्याकडे उडायला शिकायला येते कोण, तर एका पायाने अधू अशी एक पोरगी, आणि तिचं वाहन काय, तर बगळा. तिसऱ्या भागानंतर बसमधल्या सगळ्यांनी ती मालिका सोडली. एकट्या माझ्या शेजाऱ्याने धरून ठेवली.

आमची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी सकाळी मोकळं राहायचं तर पाळी बदलून घ्यावी लागे. त्यासाठी त्याने काय काय केलं असेल? कुणाच्या दिवाळीतल्या पाळ्या केल्या, कुणाच्या म्हशीचं बाळंतपण. सोमवारी बस सुटली की तो आदल्या दिवशीचा भाग सांगायला घ्यायचा. कुणी मागितलेलं नसे. बगळा कसा उतरतो हे दाखवायला एकदा तो दोन्ही हात पसरून बसच्या मधल्या वाटेत उभा राहिला आणि नेमका ड्रायव्हरने ब्रेक मारला. बगळा थेट गिअरपाशी उतरला. ड्रायव्हर म्हणाला, असला ढेरपोट्या गगनसवार आम्हाला नको. शेजारी कपडे झटकत म्हणाला, "पोट सुटलं म्हनून मानूस बदालतो व्हय? तुमचं सुटलंय, म्हनून बायकूनं दुसरा डायवर बगितला का?" त्या दिवशी बस उरवड्याचं वळण चुकता चुकता राहिली.

त्याचा मुख्य मुद्दा एकच होता आणि तो त्याने शंभरदा मांडला असेल. "गरुडावर बसून कुनीबी उडंल, पाव्हणं. बगळ्यावर बसून दावा."

ह्या सगळ्यात त्याच्या विरुद्ध पक्षाचा पुढारी होतो मी. मी मुळात कमी बोलणारा. परगावच्या माणसाला बसमध्ये जागा मिळते, आवाज मिळत नाही. पण जुन्या 'गगनसवार'चं मला सगळं पाठ होतं, कुठल्या भागात काय झालं, गरुडाच्या कुठल्या पंखाला जखम होती, सगळं. त्या एका विषयावर मी बोललो की बस ऐकायची, हसायची, टाळी द्यायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला लोक माना डोलवत होते. ती चव मला लागली. मग मी बगळ्याची नक्कल करू लागलो, लंगड्या पोरीचीही केली. शेजारी डोकं कलतं ठेवून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी जागा राखायचा.

मालिकेचा शेवटचा भाग जवळ आला तेव्हा मी भर बसमध्ये जाहीर केलं की शेवट चांगला निघाला, तर मी इथे उभा राहून, कान धरून, दादांचं बरोबर होतं असं म्हणेन. बसने बाकं बडवली.

आणि त्याच रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पिरंगुटला माझ्याकडेच पाहुणे येणार असं ठरलं. दोन स्थळं मोडली होती, आई रोज फोनवर रडत होती. मला फर्स्ट शिफ्ट होती आणि सुपरवायझर रजा देईना. बदली माणूस आण म्हणाला. मी बसमध्ये कुणाला विचारलंही नव्हतं. शेजाऱ्याने आपणहून विषय काढला. त्या रविवारची त्याची पाळी सेकंड होती, सकाळ मोकळी राहावी म्हणून महिनाभर आधीच जुळवलेली. तो म्हणाला, माझी फर्स्ट तो करेल आणि मग त्याची सेकंड. सोळा तास. मी म्हणालो, दादा, शेवटचा भाग आहे. तर म्हणाला, "भाग पुन्यांदा बगता यील. पावनं पुन्यांदा येत न्हाईत." माझ्याकडे मामांनी दिलेला जुना व्हीसीआर होता. शनिवारी त्याने एक कोरी कॅसेट आणून दिली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वर त्याच्या वळणदार अक्षरात: 'शेवट. कोणी पुसू नये.'

रविवारी दहाला मी कॅसेट रेकॉर्डिंगला लावली आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला टीव्हीसमोर बसलो. बघायचं नाही असं ठरवून बसलो होतो. त्या भागात लढाई नाही, काळा ढग नाही. वीस मिनिटं तो म्हातारा आणि ती पोरगी मनोऱ्यावर बसून असतात. ती म्हणते, मला तुमचं जुनं खोगीर द्या. तो म्हणतो, ते माझं नाही. आणि मग सांगतो, की त्या दिवशी ढगात शिरल्यावर तो घाबरला, उडी मारून पळाला, आणि गरुड एकटाच पुढे गेला. इतकी वर्षं लोक त्याला वीर म्हणत आले आणि तो गप्प राहिला. पोरगी त्याला माफ करत नाही, रागावत नाही. काठी उचलते आणि म्हणते, चला. बगळ्याला दोघांचं ओझं पेलवत नाही, म्हणून तिघंही डोंगर उतरून पायी घरी जातात. संपलं. बहिणीने आतून विचारलं, दादा, किती कांदे चिरतोयस? मी म्हणालो, झालेच. कांद्याने त्या दिवशी माझी लाज राखली.

दुपारी पाहुणे आले आणि लग्न जमलं.

सोमवारी मी पिरंगुटात बसमध्ये चढलो. शेजारी धुतलेला शर्ट घालून बसला होता, दोन पाळ्यांनी डोळे सुजलेले. त्याने डबा उचलला. मी बसलो. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "आपल्या पोरीचं जमलं का?" मी हो म्हणालो. त्याने माझा हात दाबला, आणि मग, जरा लाजून, "आनि ते?"

कॅसेट माझ्या पिशवीत होती. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. सगळ्या माना वळलेल्या होत्या आणि मला उठून कान धरायचे होते, एवढंच. माझ्या तोंडून गेलं, लाईट गेली होती.

बस हसली. मागून पिरंगुटचाच एक जण म्हणाला, आमच्याकडं तर दिवसभर होती की. मी काही बोलायच्या आत शेजारी त्याच्याकडे वळला. "त्येंची लाईन दुसऱ्या डीपीवर हाय. तुला काय म्हाईत?" असं म्हणून तो विषय त्याने मिटवून टाकला. आयुष्यभर ज्याने चहाची, घंटेची, बगळ्याची बाजू घेतली, त्याने त्या दिवशी माझ्या खोट्याची बाजू घेतली, आणि तीही माझ्याहून चांगली.

चार दिवस जाऊ देत, मग देऊ, असं म्हणत मी कॅसेट माळ्यावर ठेवली. मुळशीच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेलं काय टिकतं? दिवाळीत काढली, तर फितीवर पांढरी बुरशी. मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो. आता द्यायचं म्हटलं तरी देता येणार नव्हतं.

पण शेजारी शेवट सोडायला तयार नव्हता. जे पाहायला मिळालं नाही ते तो स्वतः रचू लागला. दर पंधरवड्याला नवा शेवट. एकात गरुड परत येतो. एकात पोरीचा पाय बरा होतो. तो त्याने स्वतःच आठ दिवसांत मागे घेतला, फारच गोड होतंय म्हणून. प्रत्येक शेवट तो आधी मला ऐकवायचा, कारण जुनं सगळं मला पाठ. "बसतंय का, पाव्हणं?" आणि मी, ज्याला खरा शेवट ठाऊक होता, विचार केल्यासारखं करून म्हणायचो, काय माहीत. पुढे त्याची मुलगी कॉलेजात गेली. तिने पौडाच्या एका कॅफेत बसून कॉम्प्युटरवर शोधलं. जुन्या 'गगनसवार'चे सगळे भाग सापडले. नव्याचं नाव आणि दोन चित्रं. कुणाला आवडलंच नव्हतं, तर टाकणार कोण?

कारखाना दोन हजार आठात दुसरीकडे गेला, बस थांबली. त्याने फाट्याजवळ पिठाची गिरणी टाकली. त्याच्या आधी तिथे एक गिरणी होतीच, त्यामुळे गावात काय म्हणत असतील ते सांगायला नको. माझ्या घरासमोर गिरणी आहे, तरी मी महिन्यातून एकदा गव्हाची पिशवी घेऊन त्याच्याकडे जातो. मागच्या खेपेला, दोन हजार दहाच्या थंडीत, त्याने पट्टा थांबवला, भुवयांवरचं पीठ पुसलं आणि म्हणाला, शेवट आता घावला. "त्यो म्हातारा पळाला हुता, पाव्हणं. म्हनून गरुड न्हाई. आनि त्यो पोरीला खरं सांगतो." मी विचारलं, मग पोरगी काय करते? त्याने डोकं कलतं केलं. "काय न्हाई करत. चला म्हनती. दुसरं काय म्हननार?"

दहा वर्षांत त्याने तो शेवट गाठला होता, आणि तिथे उभा असलेला, तो बरोबर आहे हे सांगू शकणारा एकुलता एक माणूस मी होतो. मी म्हणालो, कार्टूनमध्ये असं कोण दाखवतं, दादा. तो हसला, म्हणाला तेबी खरंच, आणि पट्टा सुरू केला. पीठ गरम होतं. ते कुशीत धरून मी फाट्यावर उभा राहिलो, दोन जीप सोडल्या आणि तिसरीत बसलो.

हे लिहिलं म्हणून फिटलं असं नाही. तो वाचत नाही. छापलेलं आणून दिलं तर तो चांगल्या मनाने त्यात पापड गुंडाळून ठेवील. पुढच्या महिन्यात गहू घेऊन जाईन, तेव्हा पट्टा बंद असताना मला त्याला सांगायचं आहे की तो भाग मी पाहिला होता, तो चांगला होता, आणि तो जसा म्हणतो तसाच होता. एवढं मी त्याचं देणं लागतो.