कानातले काका

आमच्या घरात माणसं तीन: मी, हे आणि यांच्या कानातले काका. काकांना जाऊन जमाना झाला, पण त्यांचं बोलणं काही थांबलेलं नाही.

हे शिंपी. आईवडील लवकर गेले, म्हणून सातव्या वर्षी काकांच्या दुकानात येऊन पडले. काका पाठीमागे उभे राहायचे. टाका जरा वाकडा गेला की बोटांवर लाकडी पट्टी आणि एकच शब्द, "उसव!" रडलं की आणखी एक पट्टी. आता यांचे केस पिकले, तरी कपडा शिवून झाला की पाठीमागून तोच आवाज येतो. मग हे चांगला शिवलेला कपडा उसवत बसतात. मी ब्लेड लपवलं, तर पठ्ठ्याने दातांनी उसवलं! भाजी चिरताना मात्र काका गप्प. स्वयंपाकातलं त्यांना ओ की ठो कळत नसावं.

गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. उरल्या फक्त वकीलबाई. त्यांचा काळा कोट दोनदा उसवून झाला होता. आज कोर्टाच्या वेळेआधी तो मिळाला नाही, तर दुकानाला कुलूपच.

मागे मी यांना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काका ओरडतात तेव्हा तुम्ही केवढे असता?"

हे म्हणाले, "सात वर्षांचा."

"मग त्या पोराची बाजू कुणीतरी घ्या की."

ते मी फारच मनावर घेतलं. आज सकाळी कोट पुरा झाला आणि यांचा हात कॉलरकडे गेला. मी कंबरेवर हात ठेवून मशीनमागच्या मोकळ्या जागेला सुनावलं, "काका, एवढ्याशा पोराला मारताना लाज नाही वाटत?" मग यांना विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, सून तोंडाळ आहे."

"खरंय. पुढे?"

"उसव म्हणतात."

यांनी कॉलरचा टाका चिमटीत धरला. तेवढ्यात हे मागे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले, "काका, शिवण सरळ आहे. त्या पोराला मारू नका."

मी हळूच विचारलं, "गेले का?"

"छे! जास्तच ओरडतायत." यांनी कोट माझ्या हातात कोंबला. "ओरडू देत. तू पळ, देऊन ये. माझा हात परत वळवळायच्या आत."

मी हसत, रडत, अनवाणीच सुटले.