जावयाची कॉफी

झोपेत माझा श्वास थांबतो, हे मला कळायचं काही कारणच नव्हतं. मी झोपलेला असतो. कळतं ते बायकोला. घोरणं एकाएकी बंद पडलं की ती माझ्या छातीवर हात ठेवून वाट बघते आणि श्वास आलाच नाही तर बरगडीत कोपर मारते. वर्षभर हे चाललं होतं. बरगड्या दुखतात म्हणून मी रोज सकाळी तक्रार करायचो. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसत होती, पण ती वयामुळे आहेत असं मी सोयीस्करपणे ठरवून टाकलं होतं.

शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी लातूरला पाठवलं. अंगाला वायरी लावून एक रात्र दवाखान्यात झोपायचं, श्वास किती वेळा अडतो ते मशीन मोजणार, मग उपाय ठरणार. अट एकच, दुपारपासून चहा-कॉफी बंद.

घोळ असा की लातूर माझी सासुरवाडी. तिथे जावयाला चहा देत नाहीत. चहा काय, मीटर बघायला आलेल्यालाही देतात. जावयाला कॉफीच. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला कॉफी आवडत नाही हे सांगायचं राहूनच गेलं.

डॉक्टरांची अट मी सासूबाईंना सांगितली. त्या जायफळ किसत होत्या.

"नुसती कॉफी नको म्हणले असतील, जावईबापू. हिच्यात जायफळ हाय. जायफळानं लेकरं कशी गपगार झोपतेत!"

मी कप उचलला. मग चुलत सासऱ्यांकडून बोलावणं आलं, मग थोरल्या मेहुणीकडून. एका घरी घेऊन दुसऱ्या घरी नाही म्हटलं तर दिवाळीपर्यंत अबोला. मला झोपायचंय हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं, म्हणून प्रत्येकीने जायफळ वाढवलं. आणि जायफळाचा वास फार येऊ नये म्हणून कॉफीही वाढवली.

रात्री दवाखान्यातल्या मॅडमनी माझ्या डोक्याला, छातीला वायरी चिकटवल्या. बायकोने त्यांना विचारलं, "हे मशीन रातभर यांच्याकडं बघणार हाय का?"

"हो, रात्रभर."

"मग मी बघायचं काम न्हाई?"

"नाही."

बायको शेजारच्या बाकावर आडवी झाली आणि चपला काढायच्या आतच झोपली. मी टक्क जागा. बघता बघता ती घोरायला लागली.

पहाटे तिचं घोरणं थांबलं. मी कान दिला. काहीच ऐकू येईना. वायरींमुळे उठताही येईना. हाक मारणार तेवढ्यात तिने कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागली. मला दरदरून घाम फुटला होता. ही बाई हे रोज रात्री सोसते आणि मी सकाळी तिला बरगड्यांचं सांगतो. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

सकाळी मॅडम पडद्यावरच्या रेघा बघत होत्या. "सर, तुम्ही मिनिटभरही झोपला नाहीत. पण इथे एकदा श्वास थांबलाय, तोही जागेपणी. काय झालं होतं?"

"हिचा ऐकत होतो," मी म्हणालो.

त्या माझ्या वायरी सोडवत म्हणाल्या, "परत यावं लागेल."

येतो म्हणालो, आणि हिला इतक्यात उठवू नका असं सांगितलं.