वस्तानिया बेगमची शाळा

आमच्या शाळेचं छत पडलं तेव्हा वर्गात कुणी नव्हतं, हे मुलींचं नशीब. मी नव्हते, हे छताचं नशीब. असते तर चांगलं सुनावलं असतं त्याला.

निजामाच्या अमदानीतली इमारत. भिंती हातभर जाड, सागवानी तुळया, वर मातीचं माळवद. त्यात पाचवी ते सातवीच्या मुलींची शाळा भरायची आणि मी तिची मुख्याध्यापिका. दिवाळीच्या सुट्टीत मधल्या दालनाचं माळवद खाली बसलं. मग तपासणीचे साहेब आले. त्यांनी वर बघितलं, वरून थोडी माती त्यांच्या टकलावर पडली, ती रुमालानं झटकून त्यांनी फर्मान काढलं: जूनमध्ये शाळा उघडायच्या आत छत नीट करा, नाहीतर शाळा बंद. मुली क्रांती चौकाच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत जातील.

जातील म्हणे! साहेबांना काय जातंय बोलायला. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस ते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा दगडफेक. बाप लोक मुलींना पलीकडच्या गल्लीत पाठवायला तयार नव्हते, तिथं क्रांती चौक ओलांडायचा म्हणजे झालंच.

सहावीत एक पोरगी होती. बाप मेंढरं राखायचा, शहराच्या कडेला माळावर पाल टाकून राहिलेला. पोरगी गणितात इतकी तरबेज की फळ्यावर माझी चूक झाली तर शेवटच्या बाकावरून खोकायची. मुख्याध्यापिकेला तोंडावर चुकलात कसं म्हणायचं, म्हणून खोकायची! तिचा बाप येऊन मला सांगून गेला, "बाई, साळा हितं हाय तवर शिकंल. बंद झाली की सिल्लोडकडचं पाव्हणं बघून ठिवल्यात." तेव्हापासून मला ते छत छत दिसेनाच. त्या पोरीच्या लग्नाचा मांडवच दिसायला लागला.

मग आम्ही जीर्णोद्धार समिती काढली. समिती म्हणजे मी, चित्रकलेचे सर आणि एक अध्यक्ष. अध्यक्षांचं कापडाचं दुकान होतं आणि त्यांना माइकचं वेड होतं. माइक दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या कंगव्याकडे जायचा. आम्ही दारोदार फिरलो. चिकलठाण्याकडे, वाळूजकडे रोज नवं शेड उभं राहत होतं, रोज नवा साहेब उतरत होता. शहरात पैसा येत होता, पण आमच्या गल्लीकडे वळत नव्हता. "सरकारी शाळा आहे, सरकारला सांगा," असं म्हणून लोक चहा पाजायचे. महिनाभर नुसता चहा जमला. माझं पित्त खवळलं, तेवढीच काय ती प्रगती.

अशात एक दिवस चुन्याचे पोपडे काढताना दरवाजावर एक दगड निघाला. त्यावर उर्दूत काहीतरी कोरलेलं. अर्धा दगड फुटलेला, एकच शब्द धड उरलेला. आम्हा तिघांना उर्दू येत नव्हतं. अध्यक्षांनी रस्त्यावरून जाणाऱ्या एका तरुण रिक्षावाल्याला हाक मारली. त्यानं मान वाकडी करून एकेक अक्षर लावलं, "वस... वस्ता... वस्तानिया."

"वस्तानिया? कोण ही?" अध्यक्ष म्हणाले.

रिक्षावाल्यानं खांदे उडवले. "क्या मालूम साब. होंगी कोई बडी बी." आणि तो गेला.

झालं! दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला अध्यक्ष सांगत होते की ही शाळा वस्तानिया बेगमनं बांधली. तिसऱ्या दिवशी बेगम निजामाची मावशी झाली. आठवड्यात तिनं मुलींच्या शिक्षणासाठी गळ्यातला नवलखा हार विकला. मी म्हटलं, "अहो, कुणा जाणत्याला विचारा तरी!" तर मलाच म्हणाले, "बाई, चांगल्या कामात खोडा घालू नका." आणि खरं सांगू का? बेगमचं नाव घेतलं की लोकांचा हात चहाच्या कपाकडे न जाता खिशाकडे जायला लागला. शाळेलाही सगळे 'बेगमची शाळा' म्हणायला लागले, मग मीही गप्प बसले.

चित्रकलेच्या सरांनी बेगमची तसबीर काढली. समोर नमुना म्हणून त्यांनी आपल्या बायकोला बसवलं. ती माउली हातातलं घड्याळ काढायला तयार होईना, माहेरचं होतं. सर प्रामाणिक माणूस, दिसलं ते काढलं. त्यामुळे आमची बेगम डोक्यावर ओढणी, नाकात नथ आणि मनगटावर घड्याळ घालून बसली होती, पावणेपाच वाजलेले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट वाळूजचा एक कारखानदार ती तसबीर बघून डोळे पुसायला लागला. हा घाटावरून चार वर्षांपूर्वी इथं आलेला माणूस. तो भर सभेत म्हणाला, "आमचे पणजोबा बेगमसाहेबांच्या पागेत होते." माझ्या तोंडातलं पाणी बाहेर यायचं राहिलं. पण त्यानं लोखंडी गर्डर द्यायचं कबूल केलं, फक्त तसबिरीखाली त्याच्या कारखान्याचं नाव हवं होतं. आम्ही म्हटलं, घ्या की! बेगमची काही हरकत नाही.

मेंढरंवालाही एकदा तसबिरीसमोर उभा राहिला. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "ही राणी व्हय? बाईमाणसानं बांधली ही साळा?"

"व्हय," मी ठोकून दिलं. "पोरींसाठीच बांधली."

"मंग सातवीपत्तूर ऱ्हाऊ द्या पोरीला. राणीचा मान म्हून. पर फुडं नाय." मी मान डोलावली. एक वर्ष तर एक वर्ष. त्या बेगमला मनातल्या मनात मुजराही केला.

जुनी माती उतरली, छत उघडं पडलं, गर्डर वर चढले, आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. एका मंडळाची पोरं आली. म्हणाली, बेगमचं नाव चालणार नाही, शाळेचं नाव बदला. हे कळल्यावर पलीकडच्या गल्लीतलं दुसरं मंडळ आलं. म्हणालं, बेगमच्या नावाला हात लावून दाखवा, आमच्या इज्जतीचा सवाल आहे. त्या दिवसांत आमच्या शहरात 'नाव बदला' हे दोन शब्द कुणी मोठ्यानं बोललं की पोलिसांची गाडी येऊन उभी राहायची. तशी ती शाळेच्या फाटकाशी आली. गवंडी पळून गेले. शाळेचं काम थांबलं आणि जून आठवड्या-दोन आठवड्यांवर आला.

मला जो संताप आला, विचारू नका. आमचं घर बौद्ध. विद्यापीठाच्या नावासाठी माझा भाऊ तुरुंगात जाऊन आला होता. आमच्या नात्यातल्या लोकांनी त्या नावापायी गाव सोडलं होतं, घरं जळताना पाहिली होती. नाव म्हणजे काय असतं, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि इथं ही टोळकी एका घड्याळवाल्या बेगमपायी छाती पिटत होती, जिच्याबद्दल दोघांनाही काडीची माहिती नव्हती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

अध्यक्षांनी शेवटी रविवारी सकाळी शाळेच्या अंगणात सभा बोलावली. एकीकडे एक मंडळ, दुसरीकडे दुसरं, मध्ये पोलीस, मागं पालक आणि पळून गेलेले गवंडी. कारखानदार पुढच्या खुर्चीत. माझे वडील डोळे दाखवायला लासूर स्टेशनहून आदल्या दिवशी माझ्याकडे आले होते. घरी एकटे कंटाळतील म्हणून त्यांनाही आणलं आणि सावलीत बसवलं. त्यांना या भानगडीतलं काहीच ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांनी कंगवा फिरवला आणि माइक धरला. "वस्तानिया बेगम यांच्या पावन स्मृतीला..." एवढंच झालं. एकीकडून "नाव बदला!", दुसरीकडून "बेगमसाहेबा झिंदाबाद!" बाह्या वर सरकल्या. एकानं खुर्ची उचलली. हवालदारानं काठी सावरली.

वडील माझ्याजवळ आले. "काय गं, कोण बेगम?"

"बाबा, तुम्ही बसा हो गुमान. त्या दगडावर नाव आहे तिचं."

ते कुठले बसतात! गर्दीतून वाट काढत दरवाजापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. आणि हसायला लागले. माझे वडील तसे घुमे. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते दरवाजाच्या चौकटीला धरून खालीच बसले. मला वाटलं झटकाबिटका आला. खुर्ची उचललेल्या पोरानंच ती खुर्ची त्यांना दिली.

"अगं बयो," डोळे पुसत ते म्हणाले, "मी सोता वस्तानिया पास हाय!"

वडिलांनी निजामाच्या काळात उर्दूतून शिक्षण घेतलेलं, पण या घुम्या माणसानं ते घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी पोरांना समजावतात तसं समजावलं. "तवा तीन साळा असायच्या. खालची ती तहतानिया. मधली ती वस्तानिया. वरची ती फौकानिया. वस्तानिया म्हंजी मधली साळा. बेगम न् बिगम कुठली?"

दोन्ही मंडळांची तोंडं उघडी ती उघडीच. 'मधली शाळा' या नावाविरुद्ध घोषणा कशी देणार? आणि बाजूनं तरी कशी देणार? आधी हवालदार हसला. मग सगळं अंगण. ज्यांच्या बाह्या वर होत्या ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. चित्रकलेच्या सरांची बायको मात्र तसबिरीकडे बघून म्हणाली, "मग ही मीच की!" कारखानदार तेवढा लालबुंद होऊन बसला होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा तो उठला, गर्डरकडे बघितलं आणि म्हणाला, "आता चढवलेत ते राहू द्या. उतरवायला दुप्पट मजुरी पडेल." पणजोबांचा विषय त्यानं काढला नाही, आम्हीही काढला नाही. फळीवर पुन्हा गवंडी चढायला लागले.

सगळे हसत होते, मी नव्हते. माझा डोळा मागं उभ्या असलेल्या मेंढरंवाल्यावर होता. लेक शेजारी उभी. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. राणी गेली, राणीचा मान गेला. आता पोरीचं सातवीचं वर्षही गेलं. मनात म्हटलं, बाबा, हसायला दुसरा दिवस नव्हता का मिळाला?

तो गर्दीतून सरळ वडिलांच्या पुढ्यात येऊन उकिडवा बसला.

"आबा, ही मधली म्हंता?"

"व्हय. मधली."

"म्हंजी हिच्यावर अजून एक असती?"

"असती की. फौकानिया. मला नाय जाता आलं तिथं." वडील एकदम हसायचे थांबले. "मधल्यातच सुटलं माझं."

मेंढरंवाला लेकीकडे वळला. ती खोकली. खरंच सांगते, वर्गात खोकायची तशीच खोकली.

"बाई," तो उठत म्हणाला, "मधल्यात कशापायी सोडायची मंग? वरची कुठं हाय?"

"क्रांती चौकाच्या पलीकडे," मी म्हणाले. "लांब आहे."

"लांब म्हंजी किती? चला, दावा की."

अध्यक्षांनी पुन्हा माइक धरला होता. मी चपला पायात सरकवल्या. माझ्या मागं ते बापलेक, त्यांच्या मागं काठी टेकत माझे वडील, असे आम्ही फाटकातून बाहेर पडलो.