तीन सुपं आणि एक तिफण

कुणी घाईघाईनं शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. सून नातीला भाकरी थापायला शिकवते तेव्हा मी हटकून मध्ये पडते. "अगं, एका दमात दहा गोष्टी सांगून राह्यलीस, पोरीनं त्यातली कोणती धरावी?" सून म्हणते, तुमचं आपलं काहीतरीच. काहीतरीच न्हाई बाई. हे मी चौदाव्या वर्षी शिकले, आणि माझ्यापेक्षा जास्त माझी माय शिकली.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं रान भोकरदनच्या वाटेला अगदी लागून. बाजाराला जाणारा जो तो आमच्या पिकाकडं बघायचा, आणि बघितलं की बोलायचाच. दसरा झाला की ज्वारीची पेरणी. बैलांमागं तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरायचं अवजार, धरून बा चालायचा आणि शेजारून चाड्यावर मूठ धरून माय. चाडं म्हणजे लाकडी वाटी. तिच्या बुडाला तीन भोकं, आणि तिथून तीन पोकळ नळ्या फणांतून खाली मातीत. मुठीतून बी असं सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं उतरलं पाहिजे. पेरताना कुणाला काही दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी कोंब वर आले की मग सगळ्या जगाला दिसतं.

मायची मूठ गावात नावाजलेली होती. त्या साली पेरणीच्या तोंडावर तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात बाभळीचा काटा मोडला आणि बोट वांग्यासारखं सुजलं. रानातली ओल उडून चालली होती. गावातल्या बाया आपापल्या रानात गुंतलेल्या. राहिले कोण, तर मी.

पहिल्या दिवशी माय चिंधी बांधलेला हात छातीशी धरून माझ्या बाजूनं चालली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मूठ ढिली कर. इतकी न्हाई. पाय बराबर टाक. चाड्यात बघ. अगं, पुढं बघ." चाड्यात बघावं तर ढेकळाला ठेच लागायची, पुढं बघावं तर बी बाहेर सांडायचं. मी लहानपणापासूनच नाकावर राग घेऊन फिरणारी. ओटीतलं सगळं बी बांधावर ओतलं आणि म्हणाले, "तूच पेर तुझ्या सुजल्या बोटानं."

बानं बैल उभे केले. आता पाठीत बसणार म्हणून मी अंग चोरलं. पण माय खाली बसली आणि डाव्या हातानं मातीतलं बी वेचायला लागली. मग बाला म्हणाली, "आजचा दिवस राहू द्या. तिफण घरी आणा."

दुपारी तिनं अंगणात दोन दगडांवर तिफण टेकवली. शेजारणीकडून एक सूप मागून आणलं, घरातली दोन काढली आणि तीन नळ्यांखाली तीन सुपं मांडली. "चालायचं न्हाई," ती म्हणाली. "नुसती उभी राहून मूठ सोड. मी काई बोलणार न्हाई. सुपं सांगतील."

मी मूठ सोडली. जवळच्या सुपात ढीग, लांबच्या सुपात चिमूटभर. पुन्हा सोडली. माय उंबऱ्यावर बसून ओठ दाबून बघत होती. न बोलणं तिला किती जड जात होतं ते मला दिसत होतं, आणि खरं सांगते, त्याची मला मजा वाटत होती. दिवस कलेपर्यंत तिन्ही ढीग सारखे पडायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला डोळे मिटायला लावलं. कोणत्या नळीत बी कमी उतरून राह्यलं, ते कानानं ओळखायचं. तेही जमलं. मग मोकळी मूठ धरून बाच्या बाजूनं चालायचं. सगळं झाल्यावर ओटीत बी.

तिसऱ्या दिवसापासून मी रान पेरलं. वाटेनं बाजारची माणसं चाललेली, आणि चौदा वर्षांची मी चाड्यावर. अंगात वारं शिरलं होतं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं गाणी म्हणत होते.

दहा दिवसांनी कोंब आले. बाकी रान बघत राहावं असं उगवलं होतं, पण वाटेच्या कडेला, सगळ्यात आधी नजर पडेल अशा जागी, मधली ओळच नव्हती. तिथं जरा सखल होतं, फणाच्या तोंडाशी चिखल बसला आणि मधली नळी तुंबली. पुढं चिखल आपोआप गळून पडेपर्यंत बी नळीतच साठत राहिलं. माझ्या गाण्यापायी मला ते ऐकूच आलं नाही.

लोक बोलायचं ते बोलले. बा म्हणाला, "पुढच्या साली दुसरी बाई बघतो. हिच्या हाती मूठ न्हाई द्यायची." मी मान वर केली नाही. माय म्हणाली, "तिला शिकवलं कुणी? मी. अंगणात चिखल नव्हता, तर तुंबलेल्या नळीचा आवाज तिला कुठून ठाऊक असणार? चूक माझी हाय. पुढच्या साली तीच पेरणार."

पेरण्या कधीच उरकल्या होत्या. तरी तिनं पुन्हा अंगणात तिफण मांडली आणि एका नळीच्या तोंडात ओला चिखल कोंबला. शेजारीण हसून म्हणाली, लग्न झाल्यावर हळद लावून राह्यलीस का. मायनं तिकडं लक्ष दिलं नाही. मोकळी नळी सळसळते, तुंबलेली मुकी होते. ते मुकेपण मी आठवडाभर ऐकलं.

पुढच्या साली पेरणीला माय रानात आली ती स्वतःही ओटीत बी बांधून. तिचं बोट बरं झालं होतं, पण ते पुन्हा कधी वाकलं नाही. त्या बोटानं मूठ धरता येत नाही हे तिलाही कळत होतं. तरी ओटी बांधून ती बांधावर उभी राहिली. मी गाणं म्हटलं नाही. तिसऱ्या फेरीला, त्याच सखल जागी, मी म्हणाले, "बा, थांब. मधली तुंबली."

बाला खरं वाटलं नाही. त्यानं तिफण उचलली, काडीनं फण टोकरला, आणि चिखलाचा गोळा खाली पडला. त्यानं वळून मायकडं बघितलं.

माय ढेकळं तुडवत आली. डाव्या हातानं ओटीची गाठ सोडली आणि तिचं सगळं बी माझ्या ओटीत ओतलं.

"मी घरी जाते," ती म्हणाली. "भाकरी टाकायच्यात."